रणगाड्याचा गिलावा

माझ्या हातात गिलावा नाही, हे आमच्या अण्णांनी मी चौदा वर्षांचा असताना चारचौघांत जाहीर केलं. कपिलधारच्या रस्त्यावर एका मंगल कार्यालयाचं काम चालू होतं आणि माझे वडील, म्हणजे अण्णा, तिथले मुख्य गवंडी होते. उन्हाळ्याची सुट्टी होती म्हणून त्यांनी स्वयंपाकघराची मागची भिंत मला दिली. मी सकाळपासून दुपारपर्यंत जीव ओतून ती भिंत लिंपली. अण्णा आले, त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, थापी उचलली आणि वरपासून खालपर्यंत सगळा ओला माल खरवडून घमेल्यात काढला. "ह्याच्यात हातच दिसंना," ते म्हणाले. "जा लेका, तू साळंत जा." नेमकी चहाची वेळ होती, त्यामुळे बघायला सगळी गँग हजर होती.

भिंत पास झाली की अण्णा काय करायचे ते मला माहीत होतं. दाराच्या मागं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ओल्या गिलाव्यात उजव्या हाताचा अंगठा दाबायचे. सही त्यांना येते, पण ती बँकेत. भिंतीला अंगठाच. मालकाला कधी सांगायचे नाहीत. दार उघडं असलं की तो झाकलाच जातो, आणि आपल्या घराच्या दारामागं वाकून कोण बघतंय? बीडमधल्या निम्म्या जुन्या घरांत आमच्या अण्णांचा अंगठा आहे. त्यांच्या हाताखालच्या पोरांनी केलेल्या भिंतींवरसुद्धा आहे. माझ्या भिंतीवर नाही, कारण माझी भिंत घमेल्यात गेली.

मी शाळेत गेलो, शिकलो आणि दातांच्या कवळ्या बनवायला लागलो. डॉक्टर तोंडात माप घेतात, मी घराच्या पुढच्या खोलीत बसून दात उभे करतो. धंदा बरा आहे. अण्णांचे स्वतःचे दात गेले तेव्हा त्यांची कवळीही मीच केली. आयुष्यात इतकी मन लावून मी दुसरी कवळी केलेली नाही. अण्णांनी ती तोंडात घातली, दोनदा चावून बघितली, "टोचती," म्हणाले आणि काढून कपाटात ठेवली. मी पाच वेळा घासून दिली. पाचही वेळा टोचली. शेवटी ती फक्त लग्नकार्यात बाहेर निघायला लागली, तीही जेवायच्या आधी परत खिशात जायची.

रणगाड्यांचं वेड लॉकडाऊनमध्ये लागलं. सगळ्या जगानं तोंडं झाकून घेतली, मग कवळ्या कोण करणार? डॉक्टरांकडं कुणीतरी परदेशातून आणलेला एक खोका पडून होता. प्लॅस्टिकचे पाचशे-सहाशे बारीक तुकडे, जोडले की दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा, खऱ्याच्या पस्तीस पट लहान. डॉक्टर म्हणाले, तुझा हात बारीक आहे, घे. घेतला, आणि फसलो. तेव्हापासून माझ्या टेबलावर एका बाजूला लोकांचे दात आणि दुसऱ्या बाजूला रणगाडे असतात. गेवराईच्या एका बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं एकदा विचारलं, "ह्यातलं माझं कोणतं?"

बीडमध्ये हा छंद समजावून सांगणं म्हणजे डोकेफोड. जो येतो तो विचारतो, जर्मनचाच कावून? आपल्या देशाचा कर की. अहो, जर्मनांवर माझं काही प्रेम नाही. त्या सैन्यानं काय केलं ते मला ठाऊक आहे, त्यांची ती चिन्हंबिन्हं मी माझ्या कुठल्याच रणगाड्यावर चिकटवत नाही. पण जगात एकाच फौजेच्या रणगाड्यांना गिलावा होता. खोटं नाही सांगत. शत्रूनं लोहचुंबकाचा सुरुंग आणून चिकटवू नये म्हणून युद्धाच्या शेवटच्या काळात ते लोखंडावर एक लेप द्यायचे. झिमेरिट म्हणतात त्याला. त्यात चक्क लाकडाचा भुसा असायचा. कारखान्यातले कामगार थापीनं तो चोपडायचे आणि वरून दाताळ्या पट्टीनं आडव्या रेघा ओढायचे. हे मी वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चौदाव्या वर्षी हुकलेली भिंत अशी प्लॅस्टिकवर परत समोर आली होती.

बाकी सामान मी घरात आणि बाजारात पैदा करतो. दातांच्या एक्स-रेच्या पाकिटात शिशाचा पातळ पत्रा असतो, डॉक्टर तो फेकून देतात. त्यातून फावडी-कुऱ्हाडी अडकवायच्या कड्या आणि पट्ट्या होतात. ओढायचा जाड दोर जळालेल्या पाण्याच्या मोटरच्या तारेला पीळ घालून होतो. मोटर भरणारा मला आता ओळखतो, पण तार कशाला नेतो हे मी त्याला सांगितलेलं नाही. इंजिनावरच्या जाळीसाठी चहाची गाळणी लागते. पहिली गाळणी मी न विचारता कापली. दुसरी बायकोला विचारून कापली, तिनं नाही म्हटल्यावर. तेव्हापासून आमच्या घरात गाळणी कुलपात असते आणि माझ्या बायकोशी या विषयावर बोलता येत नाही.

बायको तशी छंदाच्या विरोधात नाही. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पुजतात, तशी तिनं एका वर्षी पाटावर अण्णांची थापी, ओळंबा, विळा, माझी कवळ्या घासायची मशीन आणि शेजारी माझा नुकता रंगवलेला रणगाडाही मांडला. हळदीकुंकवाचं ओलं बोट रणगाड्याच्या फिरत्या बुरुजावर टेकवलं, तोफेला झेंडूचं फूल लावलं. हळद काही निघेना. मी चिडलो तर म्हणाली, "हत्यारच आहे ना ते? मग?"

तर गेल्या वर्षी मी धीर करून माझा सगळ्यात चांगला रणगाडा पुण्याच्या प्रदर्शनात नेला. तिथं स्पर्धा असते. एसटीत खोका मांडीवर धरून बसलो होतो. आष्टीच्या अलीकडच्या खड्ड्यात एक झाकण निखळलं, ते मी पुण्यात स्टँडवर बसून चिकटवलं. परीक्षक एक निवृत्त इंजिनिअर होते, हातात पेन्सिल. कड्या बघितल्या, दोर बघितला, जाळी बघितली, मान हलवली. मग पेन्सिल लेपाजवळ आणून थांबले.

"हे मशीननं केलंय का?"

"नाही सर, हातानं."

"मग हात का दिसत नाही? कामगारांनी भरभर लावलेला लेप आहे हा. तुमचा निर्जीव वाटतो."

एकतीस वर्षांनी, पुण्यात, परक्या माणसाच्या तोंडून तेच वाक्य! माझ्या मस्तकात तिडीकच गेली. पण बोललो काय? तर "थँक यू सर." परत येताना गाडीत मी ठरवलं की पुढच्या वर्षी हा लेप असा करायचा की या पेन्सिलवाल्याची बोलती बंद झाली पाहिजे. पेन्सिलवाल्याची, असं मी स्वतःला सांगत होतो.

वर्षभर खपलो. बाजारात मिळते ती दोन भाग मळून लावायची लांबी, म्हणजे पुट्टी, तिच्यात टाल्कम पावडर, दाताळी म्हणून हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा. जुन्या युद्धातल्या रणगाड्यांचे काळे-पांढरे फोटो मोठे छापून भिंतीवर लावले. रेघा ओढायचो, बघायचो, खरवडायचो. सरळ आल्या तर मशीनच्या वाटायच्या, मुद्दाम वाकड्या काढल्या तर मुद्दाम काढलेल्या वाटायच्या. बायको म्हणाली, एवढ्या वेळात घराला रंग देऊन झाला असता.

आणि मग अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दहा वर्षांनी त्यांना नीट दिसायला लागलं, आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या चुका काढून संपवल्या. दुसऱ्या आठवड्यात माझ्या खोलीत आले. आल्या आल्या कवळी टेबलावर टाकली. "टोचती." मग भिंतीवरच्या फोटोसमोर उभे राहिले.

"ह्यो गिलावा कुणी केलाय?"

"जर्मनांनी, अण्णा. रणगाडा आहे तो."

"ती बघतोय. दोघं हुते." बोट फोटोवर टेकवून ते पुढं सरकत गेले. "ह्यो डावखुरा. बघ, माल इकडनं दाबलाय. ह्यो दुसरा नवीन हाय, भेतोय. हितं जेवायला उठले, हितनं परत चालू केलं, सांधा दिसतोय का? हितं सायेब आलता, बघ, रेघा कशा सुतात आल्या." बोट दीड वीत पुढं गेलं. "हितं सायेब गेला."

वर्षभर तो फोटो माझ्या नाकासमोर होता आणि मला त्यात रेघा सोडून काही दिसलं नव्हतं. अण्णांना त्यात माणसं दिसली, आणि त्यातला एक चांगला मिस्त्री होता हेही त्यांनी सांगितलं. "पण लोखंडावर गिलावा? येडे हायत का? धरंल कसा?" मी भुशाचं सांगितलं. "भुसा! तरीच," असं म्हणून ते इतके खूश झाले, जसं काही कृती त्यांनाच विचारून ठरवली होती.

मग मी केलेला नमुना उचलून डोळ्याजवळ धरला. शेहेचाळीस वर्षांचा बाप्या मी, दोन पोरांचा बाप, आणि तळवे घामानं ओले.

"तू दम धरून रेघ ओढतोस," ते म्हणाले. "दात कोरतोयस व्हय? गिलावा कोपरातनं मारायचा असतो, बोटातनं न्हाई."

"अण्णा, हा एवढासा आहे. कोपर कुठून आणू?"

"कोपर तुझं मोठंच हाय की. त्याला काय माहीत रणगाडा केवढा हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वाळूची दोन पोती आणि सिमेंटची एक गोणी येऊन पडली. अण्णांनी खुर्ची टाकली आणि मला न्हाणीघराची बाहेरची भिंत लिंपायला लावलं. आठ दिवस. पहिल्या दिवशीची खरवडली, दुसऱ्या दिवशीचीही. गल्लीतले लोक येता-जाता थांबायचे, "काय, दातात राम राहिला नाही का?" असं विचारायचे. डॉक्टरांचे फोन यायचे, बायको सांगायची, "ते माल कालवतायत." दंड भरून आले, चमचा धरता येईना. मी चिडून म्हणालो, अण्णा, मला रणगाडा करायचाय, न्हाणीघर नाही. त्यांनी ऐकलंच नाही. सहाव्या दिवशी ते मागून म्हणाले, "आता तू बोलत बोलत मारतोयस. चांगलंय." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्यांना शिव्या घालत होतो आणि थापी आपली आपण चालत होती.

तिथून मी टेबलावर आलो. पहिला सराव एका जुन्या बुरुजावर, खडू-डिंकाची स्वस्त लांबी लावून केला. खरंच बरा झाला. सकाळी उठून बघतो तर बुरुजाचं पिठलं झालेलं, आणि शेजारी अण्णा इस्त्रीची पाणी फवारायची बाटली घेऊन उभे.

"अण्णा! हे काय केलं?"

"पाणी मारलं. दोन टाइम मारतोय. गिलाव्याला पाणी नको? तडकंल न्हाई का?"

मी कपाळावर हात मारला. हा लेप जर्मन लोक ब्लोलॅम्पच्या ज्योतीनं वाळवायचे हे सांगितल्यावर अण्णांच्या मनातली जर्मनांची किंमत बरीच खाली आली. "तरीच हरले," म्हणाले.

शेवटी खरा रणगाडा घेतला. प्रदर्शनाला दहा दिवस राहिले होते आणि दुसरा खोका आणायला ना वेळ होता ना बायकोची परवानगी. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लांबी मळली. अण्णा मागं स्टुलावर बसले. ही लांबी दोन तासांत दगड होते, त्यामुळे थांबायला जागा नव्हती. मी त्यांच्याशी बोलत बोलत लावत गेलो. काय बोललो आठवत नाही, बहुतेक गेवराईच्या त्या म्हाताऱ्यानं पैसे कसे बुडवले ते. पातं कोपरातून ओढत गेलो. एका ठिकाणी रेघ घसरली, ती मी तशीच सोडली. मागच्या कोपऱ्यात हात पोचत नव्हता, तिथं दोन रेघा आखूड राहिल्या. राहू दे म्हटलं, त्या डावखुऱ्याचाही पोचला नसता. संपलं तेव्हा लांबी अजून मऊ होती.

अण्णा उठले. चष्मा लावला. तळवा रणगाड्यावरून फिरवला, न टेकवता, एका बोटाचं अंतर राखून. मग त्यांनी टेबलावरची माझी मेणाची सुरी उचलली. आता खरवडणार, मी म्हटलं, बत्तीस वर्षांनी पुन्हा खरवडणार. त्यांनी सुरी बाजूला ठेवली. तिच्याखाली त्यांना जागा हवी होती. डाव्या हातानं रणगाडा धरला, वाकले, आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात उजवा अंगठा दाबला.

"अण्णाऽऽ!"

"झालं," ते म्हणाले. "च्या सांग." आणि गेले.

मी हिशोब केला, हिशोबाची खोड आहे मला. पस्तीस पट. म्हणजे खऱ्या रणगाड्यावर हा अंगठा अडीच फुटांचा झाला असता. जर्मन कारखान्यात कुंभकर्ण कामाला होता असं परीक्षकाला सांगावं लागलं असतं. लांबी अजून वीस मिनिटं मऊ राहणार होती. चिमूटभर भरायची, पातं चार वेळा ओढायचं, कुणाला कळलं नसतं. अण्णांनाही नाही, ते परत बघत नाहीत. मी चिमूटभर लांबी मळून बोटावर घेतलीसुद्धा.

बायको चहा घेऊन आली. अंगठा बघितला, माझं बोट बघितलं. ती या घरात आली तेव्हा अण्णांनी तिला पहिल्याच दिवशी बीडमधली चार घरं आणि चार दारांमागचे अंगठे दाखवले होते. "मामांनी केलं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती कपबशी ठेवून गेली. मी बसून राहिलो. मला रडू येत होतं, आणि रागही येत होता, की एवढंच करायचं होतं तर भिंतीवर करायचं, रणगाड्यावर कशाला? बोटावरची लांबी बोटावरच दगड झाली. ती काढायला दोन दिवस लागले.

पुण्यात तेच परीक्षक, तीच पेन्सिल. या वेळी लेपापाशी आल्यावर ते खाली बसले. "इथं माणूस बदललाय असं वाटतं," ते म्हणाले, आणि मी मनात म्हटलं, जेवायला उठला होता. मग पेन्सिल मागच्या कोपऱ्यात गेली.

"हे काय आहे?"

"अंगठा, सर."

"ते दिसतंय. पण प्रमाण? ओला असताना चुकून लागला का?"

"चुकून नाही. आमच्या मिस्त्रींनी काम पास केलंय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढं गेले. मला उत्तेजनार्थ मिळालं. प्रमाणपत्र घेताना ते हळूच म्हणाले की तो अंगठा भरून घेतला असता तर पहिला क्रमांक तुमचाच होता.

घरी आलो तर अण्णा ओट्यावरच बसलेले.

"काय म्हणले?"

सांगितलं. अण्णांचा चेहरा उतरला. आपल्या अंगठ्याकडं बघत म्हणाले, "मंग बुजवायचा हुता की. वल्ला हुता तवाच."

"न्हाई बुजवला."

"कावून?"

"बत्तीस वर्षं वाट बघितली त्याची, अण्णा," मी म्हणालो. त्या मंगल कार्यालयाच्या भिंतीबद्दल मी आयुष्यात त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होतो. ती भिंत त्यांच्या लक्षात असेल की नाही, तेही मला माहीत नव्हतं.

"सैपाकघराची मागची," ते म्हणाले. "लई गुळगुळीत केलती तू."

मग उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा तोंडात कवळी होती, घरात ना लग्न ना कार्य. माझ्या बायकोला हाक मारून त्यांनी भाजलेले शेंगदाणे मागितले आणि माझ्यासमोर बसून एकेक दाणा चावायला लागले. मी बघत होतो. डावीकडं चावताना डोळा बारीक व्हायचा.

"टोचती का, अण्णा?"

"टोचती," ते म्हणाले, आणि पुढचा दाणा तोंडात टाकला.